उतरायला जागा



आज मी एका गाण्यांच्या अल्बमबद्दल बोलणार आहे. तोही अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती रॉक बँडचा. तुम्ही म्हणाल, ताई, ड्रम-गिटारच्या दणदणाटाचा आमच्या संसाराशी काय संबंध? मलाही असंच वाटलं होतं. आपल्याकडे ख्रिस्ती भक्तिसंगीत म्हटलं की रेव्हरंड टिळकांची भजनं आठवतात, शांत, पेटीवर म्हणायची. हे तसं नाही. पण माझ्या मुलीनं कॉलेजच्या सुट्टीत हा अल्बम लावला, शब्दांचा अर्थ सांगितला, आणि मी भाजी निवडता निवडता थांबले.

बँडचं नाव जार्स ऑफ क्ले, म्हणजे मातीची भांडी. हे नाव बायबलमधलं आहे. संत पौलानं करिंथच्या मंडळींना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हटलंय की देवानं दिलेलं धन आपण मातीच्या भांड्यात बाळगतो. भांडं आपण, ठेचकाळणारं, तडा जाणारं. धन मात्र त्याचं. १९९३ च्या सुमारास इलिनॉय राज्यातल्या ग्रीनव्हिल कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी हा बँड सुरू केला. १९९५ साली त्यांचा पहिला अल्बम आला आणि त्यातलं 'फ्लड' हे गाणं चर्चबाहेरच्या रेडिओवरही गाजलं. पुढे त्यांना तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

मी सांगतेय तो अल्बम २००९ सालचा. नाव 'द लाँग फॉल बॅक टू अर्थ'. पृथ्वीवर परत येताना लागणारा लांबचा पल्ला, असा त्याचा अर्थ मी लावते. त्यात चौदा रचना आहेत, पहिली नुसत्या वाद्यांची. गंमत म्हणजे ख्रिस्ती बँड असूनही यातल्या कितीतरी गाण्यांत देवाचं नाव थेट येत नाही. येतात ती माणसं. भांडलेले नवराबायको, बाप आणि मुलगे, दुरावलेले मित्र.

'वेपन्स' म्हणजे शस्त्रं. आपल्याच माणसाशी लढताना हातातलं शस्त्र खाली ठेवा, असं ते गाणं सांगतं. 'टू हँड्स'मधल्या माणसाला कळतं की आपला एक हात जोडतो आणि दुसरा तोडतो, आणि दोन्ही हात एकाच कामाला लागावेत अशी त्याची इच्छा आहे. 'हेडफोन्स'मध्ये समोर माणूस बसलंय, पण कानात हेडफोन आहेत, म्हणून कुणाचं दुःख ऐकावंच लागत नाही. आणि 'सेफ टू लँड' हे मला सगळ्यात लागलेलं गाणं. भांडणानंतर परत येऊ पाहणारा माणूस त्यात विमानासारखा घिरट्या घालतोय. इंधन संपत आलंय. तो एवढंच विचारतोय की खाली उतरलो तर चालेल ना?

ते ऐकलं आणि मला माझी धाकटी जाऊ आठवली. आठवली म्हणजे काय, ती भिंतीपलीकडेच राहते. पण आमचा आठ महिने अबोला होता. सासूबाईंच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून एक वाक्य मी बोलले, एक ती बोलली. त्यानंतर सगळे निरोप तिच्या सात वर्षांच्या मुलाकडून. "आईला सांग, दळण आलंय." "मोठ्या आईला सांग, पाणी सुटलंय." मी रोज देवापुढे दिवा लावत होते, गुरुवार पाळत होते, आणि दारातून ती गेली की मान फिरवत होते. माझेही दोन हात दोन कामं करत होते.

याच अल्बममध्ये एका बापानं आपल्या मुलांसाठी म्हटलेलं गाणं आहे. 'बॉईज', आणि पुढे कंसात 'लेसन वन', पहिला धडा. आमच्या घरातल्या पोरानं कोणता धडा घेतला ते मला लवकरच दिसलं. एकदा तो आईवर रुसला. त्याच खोलीत, तिच्यापासून दोन हातांवर बसून मला म्हणाला, "मोठी आई, तिला सांग, मी जेवणार नाही." मी गप्प झाले. हे त्याला आम्हीच शिकवलं होतं.

मला या अल्बमचं सांगणं एवढंच वाटतं की श्रद्धेची परीक्षा देवळात किंवा चर्चमध्ये होत नाही. घिरट्या घालणाऱ्या माणसाला आपल्या घरात उतरायला जागा आहे का, तिथे होते. या बँडनं ते स्वतःपुरतं ठेवलं नाही. त्यांनी ब्लड वॉटर मिशन ही संस्था सुरू केली, जी आफ्रिकेत स्वच्छ पाणी आणि एचआयव्हीबाधितांसाठी काम करते. हजार ठिकाणी पाण्याची सोय करायची, असा त्यांनी ध्यास घेतला. डोक्यावर हंडा घेऊन चालणं काय असतं, ते आपल्यापैकी अनेकींना सांगायला नको.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. शस्त्र खाली ठेवायचं ते दोघांनी. घरात मारहाण होत असेल, धमक्या असतील, तर तो अबोला नव्हे आणि रुसवाही नव्हे. तिथे "तूच समजून घे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे, तातडीच्या वेळी ११२ आहे. फोन करा. क्षमा करायची की नाही, हे नंतर, सुरक्षित जागी बसून ठरवता येतं.

आता माझ्या जावेचं. गेल्या महिन्यात गिरणीतून दळण आणलं. पोराला हाक मारणार होते, ती गिळली. स्वतः डबा घेऊन तिच्या दारात गेले आणि म्हटलं, "दळण आणलंय गं."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "ठेवा तिथं."

दोनच शब्द. पण आठ महिन्यांनंतर ते थेट माझ्याशी बोललेले होते. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा परत आला. पोराच्या हातून नाही, ती स्वतः घेऊन आली. आम्ही अजून त्या जुन्या वाक्यांवर बोललेलो नाही. बोलू कधीतरी. सध्या चहा होतो.

तुमच्याही घरी कुणी घिरट्या घालत असेल, तर आज एक साधं वाक्य थेट बोलून बघा.