धावण्याचे बूट : माप, आधार आणि पावसाळा

(शारीरिक शिक्षण शिक्षकांच्या उजळणी वर्गात दिलेले व्याख्यान)



मैदान, आहार आणि सराव यांविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. परंतु धावणाऱ्या मुलाचा सारा भार ज्या वस्तूवर पडतो, त्या बुटाविषयी फारसे बोलत नाही. ती बाब दुकानदाराच्या सल्ल्यावर आणि पालकांच्या ऐपतीवर सोपविलेली असते. आता जाड व मऊ तळाचे बूट लहान गावांतील दुकानांतही मिळू लागले आहेत आणि जो बूट अधिक मऊ व अधिक महाग तो अधिक चांगला, असा समज रूढ होत चालला आहे. मला आज इतकेच मांडावयाचे आहे की, बुटाचा पहिला गुण म्हणजे तो पायाला नेमका बसणे. मऊपणाचा विचार त्यानंतरचा. आणि वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या गोव्यात बूट भिजल्यावर कसा वागतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

१९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन शर्यत अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकला. त्याला मिळालेले बूट पायाला नीट बसत नव्हते, म्हणून त्याने ते बाजूला ठेवले, असे सांगितले जाते. चार वर्षांनी टोकियो येथे तोच बिकिला बूट घालून धावला आणि पुन्हा सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. आपल्या देशातील शिवनाथ सिंग हेही अनवाणी धावण्याबद्दल प्रसिद्ध होते. यावरून बूट निरुपयोगी ठरत नाहीत. धावपटू घडतो तो सरावाने, आणि न बसणारा बूट हा त्याच्या वाटेतील अडथळा होय, एवढाच बोध यातून घ्यावयाचा.

प्रथम मापाचा विचार करू. पाऊल दिवसभरात किंचित सुजते आणि धावताना आणखी पसरते. म्हणून माप संध्याकाळी, उभे राहून, आणि धावताना जे मोजे घालावयाचे तेच घालून घ्यावे. बहुतेकांची दोन्ही पावले तंतोतंत सारखी नसतात. माप मोठ्या पावलाचे धरावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी, म्हणजे सुमारे एक ते दीड सेंटिमीटर, जागा मोकळी असावी. चवड्याच्या ठिकाणी बूट बाजूंनी आवळू नये आणि चालताना टाच वर निसटू नये. बुटावर छापलेल्या आकड्यावर विसंबून चालत नाही, कारण एकाच आकड्याचे दोन कारखान्यांचे बूट लांबी-रुंदीत वेगळे निघतात. शाळेत याहून सोपी युक्ती आहे. मुलाला कोऱ्या कागदावर उभे करून पावलाची बाह्यरेषा काढावी आणि बुटातील सुखतळा बाहेर काढून त्या रेषेवर ठेवावा. पाऊल सुखतळ्याच्या बाहेर जात असेल, तर तो बूट त्या मुलाचा नव्हे.

पालक पुढच्या वर्षाचा विचार करून वाढत्या मापाचे बूट घेतात. त्यामागील काटकसर समजण्यासारखी आहे. परंतु दोन आकडे मोठ्या बुटात पाऊल पुढेमागे घसरते, ते सावरण्यासाठी मूल बोटे आवळून धरते, टाचेला फोड येतात आणि पाऊल टाकण्याची स्वाभाविक रीतच बिघडते. उलट, आखूड बुटात नखे काळी पडतात. वाढत्या वयात दर तीन-चार महिन्यांनी माप तपासावे. टाच थोडीशीच सैल असेल, तर नाडी शेवटच्या छिद्रातून ओवून घट्ट बांधल्याने ती पुष्कळदा जागेवर राहते.

आता मऊपणाकडे वळू. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट बल पायावर येते, आणि एक किलोमीटरमध्ये अशी हजाराच्या आसपास पावले पडतात. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो, त्यामुळे चेंडू थांबण्यास अधिक वेळ मिळतो व हाताला झोंबत नाही. बुटाच्या मधल्या थराचे कार्य तेच आहे. १९७० च्या दशकात या थरासाठी इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, म्हणजे ई.व्ही.ए., या हलक्या फोमचा वापर सुरू झाला. त्यातील सूक्ष्म हवाबंद पोकळ्या दाबल्या जातात व पुन्हा फुलतात. पुढे हे थर इतके जाड होत गेले की, रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असा नियम जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला २०२० साली करावा लागला.

परंतु मऊ तळाला मर्यादा आहेत. तो फार मऊ व उंच असेल, तर वळणावर आणि खाचखळग्यांत घोटा मुरगळण्याचा संभव वाढतो. फोम कायमचा फुगलेला राहत नाही. साधारणतः ५०० ते ८०० किलोमीटर धावल्यावर तो दबून जातो, वरून बूट नवा दिसत असला तरीही. आणि दुखापतीचे एक मोठे कारण बुटात नसून, धावण्याचे अंतर एकाएकी वाढविण्यात असते. सुटीनंतर पहिल्याच आठवड्यात पूर्ण सराव देणाऱ्या शिक्षकाची चूक कोणताही फोम भरून काढू शकत नाही.

आधाराविषयीही असाच विवेक हवा. पाऊल टेकल्यावर किंचित आत कलणे ही स्वाभाविक क्रिया आहे, तो दोष नव्हे. पावलाची कमान पाहून त्यानुसार बूट देण्याचा प्रयोग अमेरिकी सैन्यदलांतील नव्या भरतीवर करण्यात आला, तेव्हा दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखी घट आढळली नाही. म्हणून सपाट पाऊल दिसताच खास बुटांचा आग्रह धरू नये. दुखणे असेल, तर मात्र डॉक्टरांकडे पाठवावे. बूट पारखताना तो चवड्याच्या जागी वाकतो की मध्येच मोडतो, आणि टाचेभोवतीचा भाग दाबल्यास टिकतो की कोलमडतो, एवढे पाहिले तरी पुरे.

शेवटचा मुद्दा पावसाचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपली मैदाने चिखलाची आणि जांभ्या दगडाच्या पायऱ्या शेवाळाच्या असतात. ई.व्ही.ए.चा थर फारसे पाणी शोषत नाही. पाणी धरतात ते वरचे कापड, सुखतळा आणि मोजे. ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते व घर्षणाने फोड येतात. पाणी आत येऊ न देणारे बूट आपल्या मुसळधार पावसात लाभाचे ठरत नाहीत, कारण घोट्याकडून आत शिरलेले पाणी त्यांतून बाहेरही पडत नाही. त्यापेक्षा पातळ जाळीदार कापडाचा बूट बरा, तो लवकर निथळतो. चिखलासाठी खोल खाचांचा तळ उपयोगी पडतो. परंतु शेवाळावर किंवा ओल्या गुळगुळीत फरशीवर कोणत्याच तळाचा भरवसा धरू नये. तेथे धावू न देणे हाच उपाय.

भिजलेला बूट वाळविण्याचीही रीत आहे. चिखल धुवावा, नाडी सैल करावी, सुखतळा काढून वेगळा ठेवावा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते तासा-दोन तासांनी बदलावे आणि बूट वाऱ्यावर, सावलीत ठेवावा. चुलीजवळ किंवा प्रखर उन्हात ठेवल्यास चिकटविलेले सांधे सुटतात. काही बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. तो दमट हवेत, न वापरताही, काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुकडे पडू लागतात. म्हणून शाळेच्या कपाटात बुटांचा साठा वर्षानुवर्षे ठेवणे हितावह नाही.

येथे प्रश्न केवळ बुटाच्या आयुष्याचा नाही, तर मुलाच्या आरोग्याचा आहे. ओल्या मोज्यांनी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. जखमा असलेल्या पायांनी साचलेल्या पाण्यात वावरल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. म्हणून सराव संपताच पाय धुऊन कोरडे करणे, हा सरावाचाच भाग मानावा, आणि पायाला जखम असलेल्या मुलास त्या दिवशी पाण्यात उतरवू नये.

सारांश, शाळेसाठी बूट खरेदी करावयाचे झाल्यास मापांची यादी आधी आणि दरपत्रके नंतर मागवावीत. अंदाजाने मागविलेले बूट कागदोपत्री वाटले जातात, पण मुलांच्या पायांत राहत नाहीत. आणि ज्या मुलाकडे साधे कॅनव्हासचेच बूट आहेत, त्याला मागे ठेवू नका. ते मापाचे आणि कोरडे असतील, तर बेताच्या अंतराने सुरुवात करण्यास ते पुरेसे आहेत.