यादीत नसलेली माणसे

(मिशन रविवारच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जवळजवळ आठ महिने या उपासना मंदिराचे दार बंद होते. १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी, राज्यातली सर्व प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. तेव्हापासून प्रथमच मी तुमच्यासमोर उभा आहे. मधल्या काळात आपल्यातली काही माणसे प्रभूकडे गेली. काहींच्या अंत्यविधीलाही आपल्याला जाता आले नाही. त्या कुटुंबांची आठवण करून मी सुरुवात करतो.

पाळकसाहेबांनी मला सांगितले, "टाळेबंदीत आपल्या कार्यक्षेत्रात लोक कसे राहिले, ते मंडळीला सांगा." सांगतो. पण त्यात आमच्या हातून झालेली एक चूकही सांगावी लागेल. ती लपवून पुढचे बोलता येणार नाही.

२५ मार्च २०२० पासून सगळ्या देशाला एकच गोष्ट सांगितली गेली : घरी राहा. मीही घरी राहिलो. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात घातली, आणि १२ एप्रिलचा ईस्टर मोबाइलवर उपासना ऐकून साजरा केला. तुमच्यापैकी बहुतेकांचे असेच झाले असेल. त्रास होता, भीती होती. पण घर आपले होते, नळाला पाणी होते आणि डब्यात महिनाभराचे धान्य होते. ही तिन्ही नसलेल्या माणसाने घरी राहायचे म्हणजे काय करायचे, ते मला रायगड जिल्ह्यातल्या एका वीटभट्टीवर कळले.

भट्टीवर काम करणारी बरीच कुटुंबे कातकरी समाजाची आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. तो धंदा गेला, जंगल गेले. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती शासनाने अतिमागास आदिम जमाती म्हणून मोजल्या आहेत. पावसाळ्यात हाताला काम नसते. घरात आजारपण निघते, सणवार येतात, एखादे लग्न असते. तेव्हा भट्टीवाल्या शेठकडून उचल घेतली जाते. दिवाळी झाली की सगळे कुटुंब, पोराबाळांसह, ती उचल फेडायला भट्टीवर जाते. दर आठवड्याला खाण्यापुरती खर्ची मिळते. खरा हिशोब पाऊस तोंडावर आला की होतो, आणि बहुतेक वेळा हिशोबात काही तरी अंगावर राहतेच.

मार्चअखेर ट्रक थांबले, बांधकामे थांबली, विटा पडून राहिल्या. शेठ म्हणाला, "माल जात नाही, खर्ची कुठून देऊ?" आठवड्याचा बाजार बंद. किराणा दुकानदार उधार देईना. नदीवर मासे-खेकडे धरायला जावे तर रस्त्यावर पोलीस. राहायला विटा रचून वर गवत आणि प्लॅस्टिक घातलेली खोपटी, वाकून आत जावे लागते अशी. एका खोपटीत सहा-सात माणसे. पाणी भट्टीच्या टाकीचे, माती कालवायचे. वीस सेकंद हात धुवा हे आपण त्यांना सांगत होतो.

आता आमची चूक.

तुम्ही त्या काळात भरभरून दिले. कोणी पेन्शनमधून दिले, संडे स्कूलच्या मुलांनी डबे फोडून चिल्लर पाठवली. त्या पैशांतून आम्ही तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, मिरचीपूड आणि साबण अशा पिशव्या भरल्या. पैसा तुमचा, म्हणून हिशोब चोख हवा, एकाच घराला दोनदा जायला नको. यासाठी आम्ही नियम केला : रेशनकार्डाची आणि आधारची झेरॉक्स द्या, यादीत नाव घाला, पिशवी घ्या. हेतू वाईट नव्हता. डांबरी रस्त्यालगतच्या दोन वाड्यांत वाटप नीट पार पडले. सह्या झाल्या, अंगठे झाले, फोटो काढले. ते फोटो मागे याच त्रैमासिकात तुम्ही पाहिले असतील.

परत येताना भट्टीपाशी एक म्हातारी आमच्या टेम्पोला आडवी आली. तिने विचारले, "दादा, त्या वाडीला दिलं, आमाला का न्हाय?"

मी विचारले, "आजी, रेशनकार्ड आहे का?"

ती म्हणाली, "कारड सासऱ्याच्या नावावर हुतं. सासरा मेला. आमी वरसाचं सात-आठ म्हैने भट्टीवर. नवं कारड काढाया कोन जाणार, नि कवा?"

माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "निदान आधारची झेरॉक्स?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "झेरॉक्सच्या दुकानाला टाळं हाय, दादा."

खरेच होते. तालुक्यातले प्रत्येक झेरॉक्सचे दुकान टाळेबंदीत बंद होते, आणि आम्ही उपाशी माणसांकडे झेरॉक्स मागत होतो. ज्यांनी आणून दिली त्यांच्याकडे ती आधीपासून होती. म्हणजे ज्यांच्यापर्यंत सरकारी धान्य पोहोचणारच होते, त्यांनाच आम्ही आधी शोधून काढले होते. एप्रिलपासून कार्डधारकांना माणशी ५ किलो तांदूळ मोफत मिळू लागला. कार्ड नसलेल्या स्थलांतरित मजुरांसाठी केंद्राने धान्य जाहीर केले ते मे महिन्याच्या मध्यावर. मधले सात आठवडे या माणसांनी काय खायचे?

टेम्पोत उरलेल्या पिशव्या आम्ही तिथेच उतरवल्या. यादी बंद केली. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर मी जिथून जिथून बातमी ऐकली तिथे कागदाचा प्रश्न दिसू लागला. ८ मे २०२० ची पहाट तुम्हाला आठवत असेल. औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळावर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही माणसे मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतली होती, त्यांत बरेच गोंड आदिवासी होते. भुसावळला गाडी मिळेल या आशेने ती रात्रभर रुळांवरून चालत होती. वाचलेल्यांनी सांगितले, आम्ही प्रवासाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, उत्तर आले नाही. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्या आपण सर्वांनी वर्तमानपत्रात पाहिल्या.

याउलट गडचिरोलीचे ऐकून मनाला उभारी आली. तिथल्या अनेक गोंड आणि माडिया गावांनी स्वतःच गावाच्या वाटेवर बांबू आडवे बांधले आणि बाहेरच्यांना येणे बंद केले. मार्च-एप्रिल हा मोहफुलांचा हंगाम. पहाटे जंगलात ज्याने त्याने आपापल्या झाडाखाली वेचायचे. अंतर पाळा हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, मग इतर कित्येक गावांना मिळाला. अशा गावांत बांबू आणि तेंदूपानाचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो. टाळेबंदीत काही ग्रामसभांनी त्याच पैशातून आपल्या गरजू घरांना मदत केली आणि काम काढले. तिथेही सगळे सुरळीत नव्हते. बाजार बंद असल्याने मोहफुलाला गिऱ्हाईक नव्हते. पण त्यांना टेम्पोची वाट पाहावी लागली नाही.

मी स्वतःला विचारले, गडचिरोलीचा गोंड आणि रायगडचा कातकरी यांत फरक कशाचा? कष्टाचा नाही. जंगलाची माहिती कातकऱ्यालाही तेवढीच. फरक एवढाच की त्या गावाचे नाव जंगलाच्या कागदावर लागले होते आणि आमच्या आजीचे नाव कशावरच नव्हते.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. भट्टीवरून नुकत्याच परतलेल्या कुटुंबांच्या घरांची छपरे उडाली. पंचनामे सुरू झाले. पण ज्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या राहतात, ती जमीन दुसऱ्याच्या मालकीची. घराला नंबर नाही, उतारा नाही. मग पंचनामा कोणाच्या नावाने करायचा? आमच्या कार्यकर्त्या ताईने आश्रमशाळेत नाव असलेली सातवीतली एक मुलगी मला दाखवली. मार्चमध्ये शाळेने घरी पाठवले, तेव्हा ती आईबापांजवळ भट्टीवर आली आणि विटा पालथ्या घालू लागली. हजेरीपटावर नाव आहे, पण हातात पुस्तक नाही, घरात मोबाइल नाही. शाळेत दोन वेळचे जेवण मिळत होते, तेही बंद झाले.

म्हणून पावसाळ्यात आम्ही कामाची पद्धत बदलली. जुलै ते ऑक्टोबर हे चारच महिने कातकरी कुटुंबे आपल्या वाडीत सापडतात. आमच्या दोन ताई अर्जांचे गठ्ठे घेऊन वाडीवर जाऊन बसल्या. रेशनकार्ड, आधारची दुरुस्ती, बँकेचे खाते, जातीचा दाखला. सर्वांत अवघड जातीचा दाखला. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. ज्याचा आजा या भट्टीवरून त्या रानात फिरत राहिला, त्याने तो कुठून आणायचा? मग कोणा चुलत नातेवाइकाच्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेली सापडते का, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत आज्याचे नाव आहे का, हे शोधत कचेरीच्या फेऱ्या. त्याच काळात राज्य सरकारने आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान जाहीर केले : ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू. रोख खात्यात येणार. खाते नसेल तर ते कुठे जमा होणार?

आमचे बरेच अर्ज अजून अडकलेले आहेत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण त्या आजीचे कार्ड झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे रेशनकार्डावर घरातली वडीलधारी बाई कुटुंबप्रमुख असते. त्यामुळे कार्ड सासऱ्याच्या नावे झाले नाही, मुलाच्याही नावे झाले नाही. तिच्याच नावे झाले. तिने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि आमच्या ताईला म्हणाली, "याची एक झेरॉक्स तुमी ठिवा. परत दुकानाला टाळं लागलं तर?"

दिवाळीनंतर ती पुन्हा भट्टीवर गेली. जुनी बाकी आहे, वर नवी उचल आहे. उचलीपायी माणूस बांधून ठेवणे कायद्याने १९७६ पासून बंद आहे, तरी हे चालते. एका कार्डाने कर्ज फिटत नाही. फक्त आता शेठने खर्ची थांबवली तरी घरात तांदूळ येईल. आणि तांदूळ असेल तर माणूस हिशोबाला बसताना दोन शब्द बोलू शकतो.

बंधुभगिनींनो, द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. संध्याकाळी उशिरा लावलेल्या मजुरालाही त्याने पूर्ण दिवसाची मजुरी दिली, यावर आपण नेहमी बोलतो. गेल्या वर्षी मला त्यातले दुसरेच दिसले. तो मालक एका दिवसात पुन्हा पुन्हा स्वतः बाजारात गेला. कोणी कामाला लावले नाही म्हणून उभी राहिलेली माणसे त्याने शोधली. आम्ही मात्र टेम्पोत बसून राहिलो आणि यादी घेऊन या म्हणालो.

तुमच्याकडे आज माझी विनंती साधी आहे. धान्याची पिशवी देताना फोटो चांगला येतो, पाहणाऱ्याला समाधान वाटते. अर्जाचा फोटो काढण्यासारखा नसतो. पण एका दाखल्यामागे एसटीचे भाडे, पासपोर्ट फोटो, प्रतिज्ञापत्राचा खर्च आणि दोन-तीन दिवसांची बुडालेली मजुरी असते. त्यासाठीही देणगी द्या. या मंडळीत निवृत्त शिक्षक आहेत, तलाठी कार्यालयात, बँकेत, पंचायत समितीत आयुष्य घालवलेली माणसे आहेत. येत्या पावसाळ्यात तुमचे चार शनिवार आम्हाला द्या. कोणता अर्ज कोणत्या टेबलावर अडतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या ताईंना ते शिकायला वर्ष लागेल, आणि वाडीतली माणसे चारच महिने सापडतात.

आणि प्रार्थनेत भट्टीवरच्या त्या आजीची आठवण ठेवा. तिच्या कार्डाची झेरॉक्स आमच्या कपाटात आहे.