डोलकाठीतली टकटक



सिएटलला आम्ही जुनी शिडाची बोट घेतली. पहिल्याच रात्री नांगर टाकून झोपलो, तर डोक्यावर टक्‌, टक्‌! बोट डुलली की पोकळ डोलकाठीतल्या वायरी आतून आपटायच्या. झोपेचं सोडा, वायर घासून टोकावरचा दिवा विझला, तर अंधारात दुसऱ्या बोटींना आपण दिसतच नाही.

शेवटी डोलकाठी उतरवली. वायरींच्या जुडीला हात-हात अंतरावर तीन-तीन केबल टाय तीन दिशांना बांधले, शेपट्या न कापता. त्या आतल्या भिंतीला टेकतात, जुडी मधोमध राहते. (आतून शिडाच्या दोऱ्या जात असतील तर हे नको, त्या अडकतात, नळीच बसवा.)

आपल्या शाळेचे पंखे बसवणारे माझे बाबा एकही शेपटी लोंबू देत नसत. भीतभीत फोटो पाठवला. उत्तर आलं, "वायरींचं वजन जोडावर नाही ना टाकलंस?"

टाकलं होतं. डोलकाठी पुन्हा उतरवली.