पडद्यावरचा साक्षीदार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



जमीनधारणा, रोजगार हमी आणि पंचायत राज्य यांच्या रांगेत ‘चित्रपट आणि वास्तव’ हा विषय पाहून तो विरंगुळ्यासाठी घातला असावा, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. तसे समजण्यापूर्वी एक घटना आठवावी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बेदम मारून ठार केले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा या भटक्या जमातीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. त्या वर्षी मुले पळवणाऱ्यांच्या अफवा देशभर मोबाईलवरून पसरत होत्या, आणि अफवांबरोबर चित्रफिती फिरत होत्या. त्यांतली एक कराचीची होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरच्या एका मुलाला उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मूळ फीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी मुद्दाम अभिनय करवून घेतलेली होती. तिच्या अखेरीस ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक धरतात. कोणीतरी हा शेवट कापून टाकला. उरलेला तुकडा आपल्याकडील अनेक राज्यांत ‘हे डोळ्यांनी पाहा’ म्हणून हातोहात गेला, आणि अशा अफवांनी त्या वर्षी ठिकठिकाणी निरपराध माणसांचे बळी घेतले.

सत्य सांगण्यासाठी रचलेले दृश्य कात्रीच्या एका फटक्याने असत्य होऊ शकते आणि त्या असत्यापायी माणसे मरू शकतात, म्हणून चित्रपट आणि वास्तव यांच्या नात्याची चर्चा आपण केली पाहिजे. ती रसिकांवर सोपवून चालणार नाही.

ऐकीव गोष्टीविषयी आपण शंका घेतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीविषयी सहसा घेत नाही. आपल्याकडील न्यायदर्शनाने यथार्थ ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांनी बाकीची बाजूला सारून एकट्या प्रत्यक्षावर भिस्त ठेवली, असे त्यांच्याविषयी सांगतात. चित्रपटाचा जो दरारा आहे तो त्याने प्रत्यक्षाचा वेष घेतल्यामुळे आहे. परंतु पडद्यावर प्रत्यक्ष असे काय असते? प्रकाश आणि छाया. बाकीचे सारे आपण त्यांवरून जाणतो. माझे म्हणणे असे की, चित्रपटापासून होणाऱ्या ज्ञानात थोडा अंश अनुमानाचा आणि फार मोठा अंश शब्दप्रमाणाचा, म्हणजे साक्षीचा असतो. आणि साक्षीदाराची जशी उलटतपासणी घ्यावी लागते तशी ती चित्रपटाचीही घ्यावी लागते.

प्रथम अनुमानाचा अंश पाहू. फ्रान्समधील समीक्षक आंद्रे बाझाँ (१९१८–१९५८) यांनी या बाजूचा विचार मोठ्या निष्ठेने केला. महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत लोकशिक्षणाचे काम करणाऱ्या एका संस्थेतर्फे ते कारखान्यांतून कामगारांना चित्रपट दाखवीत आणि त्यांवर चर्चा घडवून आणीत. म्हणजे एका अर्थी ते आपल्याच पंथातले. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी असे मांडले की, चित्रकाराच्या चित्रात वस्तू आणि चित्र यांच्यामध्ये माणसाचा हात येतो. छायाचित्रात मात्र वस्तूवरून आलेला प्रकाशच आपली खूण उमटवून जातो. बोटाचा ठसा उमटावा तशी. छायाचित्रावर आपला विश्वास बसतो तो यामुळे. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर डोंगरावरच्या धुरावरून आपण अग्नीचे अनुमान करतो, तसेच चित्रावरून वस्तूचे करतो.

हे म्हणणे मोलाचे आहे. पण धूर आणि धुके यांत गफलत होऊ शकते, हे नैयायिकांनी फार पूर्वी बजावून ठेवले आहे. कराचीच्या फितीत धूर खरा होता. डोंगर मात्र दुसराच दाखवला गेला. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनी याच्याही पुढची पायरी गाठली आहे. कोणत्याही माणसाचा चेहरा, कोणत्याही पुढाऱ्याचा आवाज ती निर्माण करू शकतात, आणि तसा प्रसंग जगात कोठेही घडलेला नसतो. धूर आहे, अग्नी कोठेच नाही. यामुळे आता सत्य कळणेच संपले असे काही विद्वान सांगू लागले आहेत. मला हा आकांत अनाठायी वाटतो. नुसता ठसा सत्य सांगायला पूर्वीही पुरेसा नव्हता.

सिनेमाच्या जन्मकाळचेच उदाहरण घ्या. ल्यूमिएर बंधूंनी १८९५ साली फ्रान्समधील लिआँ शहरात अगदी आरंभी जे चित्रण केले, त्यात कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार आहेत. जेमतेम मिनिटभराचा हा चित्रपट. दरवाजा उघडतो, स्त्रिया आणि पुरुष बाहेर येतात, डावीकडे उजवीकडे पांगतात. पुढील वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जो पहिला खेळ झाला त्यातही हे दृश्य होते. कारखाना कोणाचा? ल्यूमिएर यांचाच. कॅमेरा कोणाचा? मालकांचा. तो दरवाज्याच्या बाहेर उभा आहे. आत गेलेला नाही. दृश्याच्या निरनिराळ्या वेळी घेतलेल्या निदान तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत, म्हणजे कामगारांना पुन्हा पुन्हा बाहेर पडायला सांगण्यात आले होते. त्यांतील प्रत्येक चेहरा खरा आहे, प्रत्येक पाऊल खरे आहे. परंतु आत किती तास काम चाले, हाती किती मजुरी पडे, यातले एक अक्षरही तो ठसा बोलत नाही. जर्मन दिग्दर्शक हारून फारोकी यांनी १९९५ साली याच शीर्षकाच्या आपल्या पटात दाखवून दिले आहे की, पुढची शंभर वर्षेही सिनेमा बहुधा कारखान्याच्या दाराशीच घुटमळला. माणसाची गोष्ट काम संपल्यावरच सुरू होते, असा जणू त्याचा समज होता.

ब्रेख्त यांनी १९३०च्या सुमारास याच मर्मावर बोट ठेवले. एखाद्या प्रचंड उद्योगाच्या इमारतीचे छायाचित्र त्या उद्योगाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण वास्तव इमारतीत नसून माणसामाणसांतील संबंधांत असते, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्याकडे पाहू. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या काळातील गिरणीच्या बंद दरवाज्याचे एखादे छायाचित्र समोर ठेवा. ते सुट्टीच्या दिवसाचे असू शकेल, संपाचे असेल, मालकांनी पुकारलेल्या टाळेबंदीचे असेल, किंवा गिरणी कायमची बंद झाल्यानंतरचेही असेल. दरवाजा तोच, कुलूप तेच. या चार गोष्टींमध्ये लक्षावधी संसारांचे अंतर आहे, आणि ते छायाचित्रात उमटत नाही. गिरणीच्या जमिनीचा भाव कापडापेक्षा चढा झाला होता, ही गोष्ट कोणत्या भिंगातून दिसणार?

मग संबंध दाखवायचे तर काय करावे? रचना करावी लागते. येथे कलेला स्थान मिळते, आणि येथेच आपली नेहमीची समजूत उलटी होते. जुळवून आणलेले म्हणून खोटे आणि आपोआप टिपलेले म्हणून खरे, असे समीकरण राहत नाही.

व्हित्तोरिओ डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बेकार अंतोनिओला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, पण त्यासाठी सायकल हवी, आणि ती गहाण पडलेली आहे. ती सोडवण्यासाठी त्याची बायको घरातल्या बिछान्यावरच्या चादरी गहाण ठेवते. गहाणाच्या दुकानातला माणूस ते गाठोडे उचलतो आणि ठेवण्यासाठी मांडणीवर चढू लागतो. चढतच जातो. कॅमेरा त्याच्या मागोमाग वर जातो, आणि आपल्याला दिसते की छतापर्यंत गाठोडीच गाठोडी रचलेली आहेत. एका घराची अडचण सांगता सांगता कॅमेऱ्याने सबंध रोम शहराचे दारिद्र्य मोजून दाखवले. एकही आकडा नाही, एकही भाषण नाही. सारे योजलेले, पण युद्धानंतरच्या इटलीविषयीची याहून सच्ची साक्ष मला ठाऊक नाही. अंतोनिओचे काम करणारे लांबेर्तो माज्जिओरानी हे खरोखरच कारखान्यातले कामगार होते. चित्रपट जगभर गाजला आणि कारखान्यातली त्यांची नोकरी मात्र पुढे गेली. वास्तव दाखवणाऱ्या चित्रपटाबाहेर वास्तव आपल्या गतीने चालूच असते!

मुंबईत १९५२ साली भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. अर्थात कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरी करू लागलेला शेतकरी मराठी माणसाने त्याच्याही आधी, १९२५ साली, बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’मध्ये पाहिला होता, हे येथे सांगितले पाहिजे. हे सारे रचलेले पट होते. उलट फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट, जे चित्रपटगृहांना अनेक वर्षे सक्तीने दाखवावे लागत, ते खऱ्या प्रसंगांचे होते. धरणाची खरी भिंत, खरे मंत्री, खरा उद्घाटन समारंभ. पाण्याखाली गेलेल्या गावातली माणसे पुढे कोठे गेली, हे मात्र त्यांत क्वचितच दिसे.

आता साक्षीदाराची परीक्षा कशी करावी? न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यात विश्वासपात्र वक्त्याचे, म्हणजे ‘आप्ता’चे लक्षण दिले आहे. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखेच लागू आहे, असे भाष्यकार म्हणतो. समाजाने ही समता व्यवहारात कधी आणली नाही हा भाग निराळा. तर्काने मात्र ती मान्य केली होती. याचा अर्थ, चित्रपटाला आपण तीन गोष्टी विचारायच्या: हे तू स्वतः जाणले आहेस काय, सांगताना तुझा हेतू कोणता, आणि तू कोठे उभा राहून सांगतो आहेस?

हे प्रश्न आपल्या बाजूच्या चित्रपटांनाही चुकलेले नाहीत. आयझेनस्टाइन यांनी ‘ऑक्टोबर’मध्ये हिवाळी राजवाड्यावरील चढाईचे जे दृश्य उभे केले, ते मूळ घटनेपेक्षा कितीतरी भव्य होते, आणि त्यातली चित्रे पुढे १९१७ सालची अस्सल छायाचित्रे म्हणून छापली गेली. क्रांतीवर प्रेम असणाऱ्यांनीच ती छापली. ते मला क्षम्य वाटत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) दिले आहे. गावकुसाबाहेरच्या जब्याचे कुटुंब गावातली डुकरे पकडण्याचे काम करते. मारलेले डुक्कर बांबूला लटकवून नेत असताना त्यांच्या मागे शाळेची भिंत दिसते, आणि भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रे. कॅमेरा काही बोलत नाही. ती भिंत आणि ते ओझे एका चौकटीत येतात एवढेच. यातले एकही अंग वेगळे काढून छायाचित्र घेतले असते तर भिंतीचे चित्र सरकारी पुस्तिकेत शोभले असते, आणि ओझ्याचे चित्र दयाबुद्धीच्या लेखात. दोन्ही एकत्र पाहण्यासाठी जेथे उभे राहावे लागते ती जागा ज्याने भोगली आहे त्यालाच पटकन सापडते. इतरांना ती सापडणारच नाही असे मी म्हणत नाही. पण त्यांना शोधावी लागेल, आणि शोधायला वेळ द्यावा लागेल. अखेरीस जब्या दगड भिरकावतो, आणि तो थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे प्रेक्षकांच्या अंगावर येतो. आपण कोठे बसून हे पाहत होतो, हे त्या क्षणी आपल्याला विचारले जाते.

आपल्या शाखांतून मोबाईलवरच्या चित्रफिती आता रोज पुढे पाठवल्या जातात. मोर्चाच्या, लाठीमाराच्या, विरोधकांच्या भाषणांच्या. माझी सूचना अगदी साधी आहे. फीत कोणी घेतली, केव्हा, कोठे, आणि तिच्या आधी व नंतर काय घडले, या चार गोष्टी माहीत नसतील तर ती पुढे पाठवू नये, मग ती आपल्या कितीही उपयोगाची असो. आणि गावात चित्रपट दाखवाल तेव्हा खेळ संपल्याबरोबर भाषण सुरू करू नका. ज्यांच्यासारखी माणसे पडद्यावर होती, त्यांना आधी विचारा: यातले काय असे नसते, आणि काय सांगायचे राहून गेले? बाया मागच्या रांगेत बसलेल्या असतील. त्यांना आधी विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर दिवे मंदच राहू द्यावेत.