लखुजीरावांची छत्री



मिसर देशाचा राजा, ज्याला फॅरो म्हणत, तो होरस देवाचा अवतार मानला जाई. त्याचे राज्य म्हणजे देवाचे देणे. त्याला कुणाची सनद लागत नसे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाची गोष्ट निराळी. या गावाच्या नावातच ‘राजा’ आहे. पण इथली सत्ता होती चाकरीची.

लखुजी जाधवराव हे सिंदखेडचे देशमुख. देवगिरीच्या यादवांचा वंश सांगणारे घराणे. पदरी फौज, मुलखात दरारा. आज निजामशाहीत, उद्या मोगलांकडे, पुन्हा निजामशाहीत असा त्यांचा प्रवास झाला. शेवटी २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीवर, निजामशहाच्या दरबारात, त्यांचा खून झाला. बरोबर अचलोजी व रघूजी हे मुलगे आणि यशवंतराव हा नातूही मारला गेला. एका दिवसात तीन पिढ्या!

लखुजीरावांची लेक जिजाबाई तेव्हा भोसल्यांच्या घरी होती. पुढच्याच वर्षी शिवराय जन्मले. ६ जून १६७४ ला रायगडावर त्यांना राज्याभिषेक झाला. आता सत्ता कुणाची मेहेरबानी राहिली नाही. तो सोहळा पाहून जिजाऊंनी अकराव्या दिवशी देह ठेवला.

गुरुजी, मुलांना सिंदखेडला लखुजीरावांची छत्री दाखवाल, तेव्हा नुसते दगडकाम दाखवू नका. राज्याभिषेकाचा एवढा खटाटोप कशासाठी, हे तिथेच उभे राहून त्यांना विचारा.