पहिली बाटली घेऊन गेली, ती परत आलीच नाही

आज जरा लांबच्या बायांबद्दल बोलू या, आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या. लहानसा देश, बहुतेक लोक शेतीवर जगणारे.

२०११ साली तिथल्या सरकारनं ठरवलं, की एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला लगेच औषध सुरू करायचं, तेही जन्मभरासाठी. बाळाला लागण होऊ नये आणि आईही जगावी म्हणून. निर्णय चांगलाच होता. पण नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की सहा महिन्यांत शंभरातल्या सतरा जणी येईनाशा झाल्या. कित्येकींनी पहिली बाटली नेली आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढल्याच नाहीत.

का बरं? बाई आली होती पोटातल्या बाळाच्या तपासणीला. ताप नाही, खोकला नाही. आणि सांगितलं काय, तर तुला एचआयव्ही आहे, रोज ही गोळी घ्यायची, आयुष्यभर. आता नवऱ्याला काय सांगायचं? बाटली कुठं लपवायची? त्यात त्या गोळीनं सुरुवातीला चक्कर यायची, भलतीसलती स्वप्नं पडायची. अशा बाईला बेफिकीर म्हणणं मला तरी पटत नाही.

शेजारच्या मोझांबिकमध्ये, टेटे प्रांतात, वेगळा घोर होता. दवाखाना लांब, गाडीभाडं परवडेना, रांगेत दिवस मोडायचा. २००८ पासून तिथं रुग्णांचे गट सुरू झाले. आपल्या बचत गटासारखेच म्हणा ना! एका गटात सहापर्यंत माणसं. महिन्याला सगळ्यांनी जमायचं, एकमेकांच्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या, कार्डावर लिहायचं. मग एकानं दवाखान्यात जायचं, स्वतःची तपासणी करून घ्यायची आणि सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. पुढच्या महिन्यात दुसऱ्याची पाळी. पहिल्या दोन वर्षांचा हिशेब निघाला तेव्हा शंभरातले सत्त्याण्णव जण उपचारात टिकून होते.

पण एक सांगायला हवं. या गटात प्रवेश मिळायचा तो निदान सहा महिने औषध नीट घेतलेल्यालाच. म्हणजे अवघड काळ आधीच पार केलेल्याला. कालच कळलंय, त्या बाईचं काय?

तिच्यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये २००१ साली ‘मदर्स टू मदर्स’ ही संस्था निघाली. स्वतः एचआयव्ही असलेल्या आयांना ती शिकवते, पगार देते आणि दवाखान्यात बसवते. नवी बाई आली, की डॉक्टरांनंतर ही तिच्याशी बोलते. घरी कसं सांगायचं, चक्कर आली तर काय करायचं, बाळाची तपासणी कधी करायची, सगळं. तारीख चुकली तर चौकशी करते. गोळी रोज घेतली, की काही महिन्यांत रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा होतो, आणि तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही तिला तिच्यासारखीच एक बाई समजावून सांगते.

आपल्याकडंही सरकारी एआरटी केंद्रांत २००४ पासून या गोळ्या मोफत मिळतात.