लोंबकळणारा कोलन

रात्री-अपरात्री सर्व्हर उठवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात. जेवणाआधी संपवा, ही चिठ्ठीही मिळाली.

काल इथल्या हॉटेलमालकांनी विषय विचारला. मला शुद्ध मराठीची हौस. म्हणालो, ‘पर्यावरण चलांचं दस्तऐवजीकरण’. ते खूश झाले. “बरं झालं साहेब. लोक काजव्यांच्या झाडांवर गाडीचे दिवे मारतात, तेही बोला.” त्यांची तक्रार रास्त आहे, म्हणून ती इथे नोंदवतो आणि यापुढे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच म्हणतो.

सी-डॅकची 1988 ची स्थापना, 1991 चा परम 8000, तिथपासून आजच्या कंटेनरपर्यंत आढावा घ्यावा, असं निमंत्रणात होतं. तो घेतला असं समजा. मला एका कोलनबद्दल बोलायचंय, आणि ते वीस वर्षं राहून गेलंय.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी होतो. एका विद्यार्थिनीचा प्रोग्रॅम एका फोल्डरमधून चालवला की कोसळायचा, शेजारच्या फोल्डरमधून सुरळीत चालायचा. मशीन तेच, प्रोग्रॅम तोच. नऊ रात्री गेल्या. रॅम बदलली. एकाने नारळ फोडायला सांगितला, तोही फोडला. शेवटी ‘एलडी_डीबग=लिब्स’ लावलं आणि प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी लोडर कुठे कुठे हुडकतोय ते पडद्यावर उमटलं. सगळ्यांच्या लॉगिन स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती: आपली डिरेक्टरी, कोलन, मग एलडी_लायब्ररी_पाथ या व्हेरिएबलची जुनी किंमत. जुनी किंमत रिकामी असली की कोलन शेवटी लोंबकळत राहतो. कोलनपुढे काही नाही, म्हणजे ‘तुम्ही आत्ता आहात ती डिरेक्टरी’, असा अर्थ लोडर लावतो. त्या फोल्डरात त्याच नावाची एक जुनी लायब्ररी पडली होती.

ओळ कुणाची? आमच्याआधी सर्व्हर सांभाळून बदलून गेलेल्या गृहस्थांना फोन लावला. “मला ती आधीच्यांकडून मिळाली,” म्हणाले. आधीचे निवृत्त झालेले. फाईलमध्ये ना नाव, ना तारीख, ना कारण.

सकाळी एक तरुण मित्र म्हणाले, नोंद कशाला, मॅन पेजमध्ये सगळं आहे. आहे ना, कोलनचा अर्थसुद्धा आहे! पण ते लोडरचं मॅन पेज आहे, तुमच्या मशीनचं नव्हे. एक ताई म्हणाल्या, हे व्हेरिएबल वापरूच नये; लायब्ररीची वाट प्रोग्रॅममध्येच कोरून ठेवावी, मग लिहायचं उरतंच काय? ताई, नऊ रात्रींनंतर आम्ही नेमकं तेच केलं. पण कोरलेली वाट आरपाथ असेल तर ती एलडी_लायब्ररी_पाथच्या आधी पाहिली जाते, रनपाथ असेल तर नंतर. आमचे काही प्रोग्रॅम एका पद्धतीने बांधलेले, काही दुसऱ्या. तेच व्हेरिएबल काही जण ऐकत, काही जण धुडकावत. कुठला प्रोग्रॅम कसा बांधलाय, हेही कुणी लिहिलेलं नव्हतं.

अशा नोंदींना कारकुनी म्हणणाऱ्यांनी ऑक्टोबर 2023 आठवावा. ग्लिबसीचा लोडर ‘ग्लिबसी_ट्यूनेबल्स’ हे व्हेरिएबल वाचताना चुकत होता, आणि त्या चुकीतून साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता.

माझं आजोळ प्रवरेच्या कालव्यावर. इथल्याच विल्सन धरणाचं पाणी तिथवर पोचायचं. शेजपाळीत कुणाचं शेत कधी भिजणार, ते पाटकऱ्याच्या वहीत असायचं. भांडणं तरीही व्हायची, डोकीही फुटायची; पण वही उघडून. आमच्याकडे वहीच नाही.

तर मराठीत एक नोंदवही करायची. व्हेरिएबल कुठलं, कुणी घातलं, कशासाठी, काढायचं कधी. आणखी रकाने सुचतील. लिहिणार कोण, पैसे कुठून, ते जेवताना बोलू. दिवाळीपर्यंत काहीतरी हाती यावं असं वाटतं. तोवर आज खोलीवर गेल्यावर आपापली लॉगिन स्क्रिप्ट उघडा. शेवटी कोलन लोंबताना दिसला तर मला फोन करा, रात्री कितीही वाजता. आणि तो कुणी घातला, ते कळलं तर तेही सांगा.